पंखा फिरत नाही म्हणून इंजिन उतरवू नका

आमच्या फुलपाड्यातील चाळींपुढे पंधरा-वीस वर्षांपूर्वी सायकली आणि एखाद-दुसरी स्कूटर उभी असायची. आज त्याच जागेत चारचाकी गाड्या अंग चोरून उभ्या दिसतात. यांतल्या हौसेच्या गाड्या फार थोड्या. बहुतेक पोटासाठी घेतलेल्या. कोणी शाळेची मुले ने-आण करतो, कोणी टॅक्सी चालवतो, कोणी लग्नसराईत भाडी मारतो. गाडी दुसऱ्या हाताची असते, हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला द्यावाच लागतो. अशा घरातील गाडी चार दिवस उभी राहिली की वाण्याची उधारी वाढते आणि आठ दिवस उभी राहिली की अंगावरचा डाग गहाण पडतो.

या घरांतून मला वर्षातून चार-पाच वेळा तरी एकच वाक्य ऐकू येते, 'गाडी गरम होते.' हे सांगणाऱ्याच्या तोंडावर जी भीती असते ती तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात नेणाऱ्या आईच्या तोंडावर असते तशीच. ताप हे रोगाचे लक्षण आहे, तो कशाने आला हे आधी तपासावे लागते, ही गोष्ट आता आपल्या आयाबहिणींना पक्की ठाऊक झाली आहे. गाडीच्या बाबतीत मात्र आपण अजून समोरचा जे सांगेल त्याला मान डोलावतो. या अजाणतेपणाची किंमत कष्टाच्या पैशात मोजावी लागते, म्हणून आज या पानावर रेडिएटरच्या पंख्याविषयी लिहीत आहे.

मी मेकॅनिक नाही. बी.कॉम. झालो आणि गेली वीस वर्षे एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसतो. संध्याकाळी मंडळाचे काम आणि महिला बचत गटाचे दप्तर सांभाळतो. गाडीचे जे काही थोडेफार कळते ते माझ्या दाजींमुळे. ते एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आले की ओट्यावर बसून गाड्यांच्या गोष्टी सांगत. एकदा मला म्हणाले, "तुझी तेरीज जुळत नाही तेव्हा तू काय सगळ्या वह्या फाडून नव्यानं लिहितोस का? मग लोक गाडीचंच सगळं का उतरवून ठेवतात?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला. तेरीज जुळत नसेल तर अनुभवी कारकून आधी फरकाची रक्कम पाहतो. फरक नऊने पूर्ण भागला गेला तर कुठेतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असण्याचा संभव असतो. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम चुकून दुसऱ्या बाजूला तर गेली नाही ना, हे तो पाहतो. म्हणजे चूक कुठे शोधायची हे फरकच सांगतो. गाडीचेही तसेच आहे. ती किती गरम होते यापेक्षा केव्हा गरम होते, हे विचारले तर अर्धे उत्तर तिथेच मिळते.

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. आमच्या बचत गटातील एक ताई पस्तीस हजारांच्या कर्जाचा अर्ज घेऊन आल्या. कारण लिहिले होते, 'मुलाच्या गाडीच्या इंजिनचे काम'. मुलगा टॅक्सी चालवतो. विरार फाट्यावरून हायवेला लागायचे आणि मुंबईची भाडी करायची, हा त्याचा रोजचा क्रम. गाडीचे अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी. गटाच्या खात्यात तेवढी रक्कम होती, पण ती त्यांना दिली असती तर जूनमध्ये मुलांच्या फीसाठी ज्या दोन भगिनींनी आधीच नाव लावून ठेवले होते, त्यांना नाही म्हणावे लागले असते. हे माझ्या मनात असल्यामुळे मी मुलाला बोलावून घेतले.

"इंजिनचं काम आहे हे कशावरून ठरलं?" मी विचारले.

"काका, काटा वर जातो. गॅरेजवाले म्हणाले हेड गॅसकेट गेलंय, हेड उतरवावं लागेल."

"काटा वर केव्हा जातो?"

"ट्रॅफिकमध्ये. वरसाव्याच्या पुलाआधी लायनीत अडकलो की चढतो. पुढं मोकळा रस्ता मिळाला की आपोआप खाली येतो."

"आणि ए.सी.?"

यावर तो काही बोलायच्या आत त्याची आई म्हणाली, "गाडी थांबली की ए.सी. गरम हवा टाकतो. लग्नाला गेलो तेव्हा मी मागं बसले होते ना. चालायला लागली की परत गार."

त्या माउलीने सगळे निदान सांगून टाकले होते. पण तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते.

हे समजण्यासाठी गाडीतील पाण्याचा फेरा थोडा लक्षात घेतला पाहिजे. इंजिनात इंधन जळून जी उष्णता निघते तिच्यापैकी साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. उरलेली बरीचशी उष्णता पाण्यावाटे बाहेर काढावी लागते, नाहीतर इंजिन स्वतःच्याच आगीत भाजून निघेल. वॉटर पंप हे पाणी, म्हणजे कूलंट, इंजिनच्या पोटातून फिरवतो. तापलेले कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तिथल्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वारा पुरेसा असतो. गाडी उभी राहिली की वारा थांबतो, पण इंजिन जळतच असते. त्या वेळी रेडिएटरमधून हवा ओढायला पंखा लागतो. ए.सी.चा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. तोही याच हवेवर निवतो. म्हणून पंखा बंद पडला की उभ्या गाडीत काटाही चढतो आणि ए.सी.ही गार करायचा थांबतो.

आपल्या भागातील चालकांना हे दुखणे जास्त का भोवते, तेही उघड आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईच्या खाडीवरील वरसाव्याचा नवा पूल २०२३ साली सुरू झाला, तेव्हा कोंडी सुटेल अशी आशा होती. २०२४ साली रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचे काम निघाले आणि पुन्हा रांगा लागल्या. मालजीपाडा, ससूनवघरपासून पहिल्या गिअरमध्ये सरकत जाणे ज्यांनी भोगले आहे त्यांना हे सांगायला नको. मे महिन्याचे ऊन, वरून ए.सी. चालू, आणि गाडी तासाला दोन-चार किलोमीटर सरकते आहे. अशा वेळी इंजिनला वाचवणारा एकटा पंखाच असतो.

जुन्या फियाट टॅक्सीत, म्हणजे प्रीमियर पद्मिनीत, पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू, आणि पट्टा तुटला तर डोळ्यांना दिसायचा. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० आली. या गाडीत इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे पट्ट्याच्या पुलीचे तोंड एका बाजूला आणि रेडिएटरचे तोंड पुढे. पट्ट्याने पंखा फिरवणे सोयीचे राहिले नाही, म्हणून पंख्याला विजेची मोटर आली. आज बहुतेक छोट्या गाड्यांत हीच पद्धत आहे. या पंख्याने इंधन वाचते, कारण तो गरजेपुरताच फिरतो. पण आता त्याच्या मागे फ्यूज, रिले, सेन्सर, वायर आणि अर्थिंग अशी साखळी आहे. त्यातील एक कडी तुटली की पंखा थांबतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बहुतेक गाड्यांत साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडतो, आणि ९५ ते १०० अंशांच्या आसपास पंखा सुरू होतो. पाच-सात अंश उतरले की तो बंद होतो. प्रत्येक गाडीचे आकडे थोडे वेगळे असतात. तेव्हा सकाळी गाडी चालू केल्याबरोबर पंखा फिरत नाही, याचा अर्थ तो बिघडला असा होत नाही.

आता लक्षणे वेगळी करू. गाडी उभी राहिल्यावर गरम होते आणि चालल्यावर निवते, तर तक्रार हवेची आहे, पंख्याकडे पाहा. मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा खंडाळ्याच्या घाटासारख्या चढावर गरम होते, तर तक्रार बहुधा पाण्याची आहे. कूलंट कमी असेल, रेडिएटर चोंदला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा वॉटर पंप थकला असेल. आणि कूलंट रोज कमी होते पण खाली थेंब दिसत नाही, इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, किंवा ऑइल दुधाळ चहासारखे झाले आहे, अशी लक्षणे असतील तर हेड गॅसकेटची शंका खरी धरावी आणि गाडी चालवू नये.

त्या मुलाच्या गाडीत कूलंटची पातळी बरोबर होती, ऑइल स्वच्छ होते, बुडबुडे नव्हते. हेड उतरवण्याजोगे एकही लक्षण नव्हते. मी अर्ज बाजूला ठेवला आणि रविवारी सकाळी गाडी मंडळाच्या खोलीपुढे लावायला सांगितली. ओळखीचे एक वायरमन, म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे गृहस्थ, आपली टेस्ट लॅम्प घेऊन आले. बघता बघता आसपासचे सात-आठ चालक आणि पोरेटोरे जमली. त्या दिवशी ज्या क्रमाने तपासणी झाली तोच क्रम इथे देतो.

आधी जिवाची काळजी. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. इंजिन चालू असताना बॉनेटखाली ओढणी, पदर, मफलर, सैल बाही काहीही लोंबता कामा नये. अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून गरम गाडीत पंख्याच्या पात्यांत बोट घालायचे नाही. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडायचे नाही. आत साधारण एक वातावरणाइतका जास्तीचा दाब असतो, त्यामुळे शंभर अंशांना उकळणारे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते सगळे पाणी एकदम उकळून तोंडावर येते. त्याने तोंड आणि हात भाजून निघतात.

पहिली तपासणी सर्वांत सोपी. इंजिन चालू करून ए.सी. लावला. बहुतेक गाड्यांत ए.सी. लावल्यावर थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. इथे फिरला नाही. मग इंजिन बंद करून, गाडी निवल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून पंखा हाताने फिरवून पाहिला. तो हलका फिरत होता. तो घट्ट झाला असता किंवा डगडगला असता तर मोटरच्या बेअरिंगची शंका घेतली असती.

त्यानंतर बॅटरीची तार पुन्हा जोडून फ्यूज पाहिला. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात पंख्याचा फ्यूज कोणता ते लिहिलेले असते. तो अनेक छोट्या गाड्यांत ३० अँपिअरचा असतो. हा फ्यूज शाबूत होता.

मग वायरमननी पंख्याचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लास्टिकचा खटका, सोडवला आणि फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी मोटरला थेट बॅटरीची वीज दिली. पंखा घोंघावत फिरला. जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. या एका तपासणीने शोध निम्म्यावर आला; मोटर ठीक आहे, दोष तिच्या मागच्या साखळीत आहे. मोटर फिरली नसती तर तिचे कार्बन झिजले आहेत असे धरले असते. कधी कधी बंद मोटरच्या पाठीवर काठीने हलकेच टकटक केले की ती फिरू लागते. त्याचा अर्थ कार्बन शेवटचे श्वास घेत आहेत, मोटर बरी झाली असा नव्हे. ज्याला बॅटरीच्या वायरींची सवय नाही त्याने ही तपासणी स्वतः करू नये, जाणकारासमोर करून घ्यावी.

पुढचा नंबर रिलेचा. रिले म्हणजे लहान विजेने मोठी वीज चालू करणारे बटण. पंख्याच्या मोटरला छोट्या गाडीतसुद्धा दहा-पंधरा अँपिअर लागतात. एवढी वीज सेन्सर किंवा कॉम्प्युटरमधून नेली तर ते जळून जातील. म्हणून ते रिलेच्या छोट्या कॉइलला नुसता इशारा देतात आणि रिले आतला जाड खटका जोडतो. साध्या रिलेला चार पाय असतात आणि त्यांवर आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ हे कॉइलचे, ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ मधून ती मोटरकडे जाते. वायरमननी हॉर्नचा रिले काढला, त्यावरचा नंबर पंख्याच्या रिलेशी जुळतो हे पाहिले आणि तो पंख्याच्या जागी लावला. ए.सी. लावताच पंखा फिरू लागला.

जुना रिले उघडून पाहिला तर आतला खटका काळा पडला होता. इशारा आला की तो 'टिक' आवाज करायचा, पण वीज पुढे जात नव्हती. नवा रिले काही शे रुपयांत आला. इंजिनला कोणी हातही लावला नाही. ताईंनी पस्तीस हजारांचा अर्ज परत घेतला आणि जूनमध्ये फीची दोन्ही कर्जे वेळेवर दिली गेली.

रिले का जळला, हा प्रश्न मात्र आम्ही तिथेच सोडला नाही. थकलेली मोटर जास्त वीज ओढते आणि तिचा ताण रिलेवर येतो. वायरमननी चालू पंख्याचा करंट मोजून पाहिला, तो थोडा जास्त भरला. मोटर आणखी काही महिने चालेल, पण तिच्यासाठी आतापासून पैसे बाजूला टाकावेत, असे त्यांनी मुलाला स्पष्ट सांगितले. असा खर्च आधी कळला की सोसता येतो.

रिलेही ठीक निघाला असता तर दोन ठिकाणे उरली असती. एक अर्थिंग. टेस्ट लॅम्प कपलरमधील विजेची वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात पेटतो, पण कपलरच्याच दोन टोकांत पेटत नाही, तर वीज येते आहे, परत जायला वाट नाही. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी आपल्या भागात अर्थिंगच्या बोल्टला गंज लवकर धरतो. घासून घट्ट केला की काम होते. दुसरे ठिकाण सेन्सर. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर दोन वायरींचा साधा थर्मो स्विच असतो. चावी चालू ठेवून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि पंखा फिरला तर स्विच गेला. नव्या गाड्यांत सेन्सर कॉम्प्युटरला तापमान कळवतो. इंजिन चालू असताना या सेन्सरचा कपलर काढला तर अनेक गाड्यांत कॉम्प्युटर धोका समजून पंखा चालू करतो. तसे झाले तर पंख्याची वायरिंग ठीक, शंका सेन्सरवर. यात डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, तो स्कॅनरने घालवावा लागतो, हे आधी लक्षात ठेवावे.

पंखा फिरतो आणि तरीही उभी गाडी तापते, असेही होते. तेव्हा रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर पातळ कागद धरून पाहावा. पंखा मागे असेल तर त्याने कागद आत ओढून धरला पाहिजे. कागद बाहेर उडाला तर मोटरच्या वायरी उलट लागल्या आहेत आणि पंखा उलटा फिरतो आहे. मोटर दुरुस्त करून आणल्यावर असे घडते. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे काढून टाकलेले असेल तर हवा कडेने निसटते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये धूळ, पाने, किडे यांची गादी साचली असेल तरीही हवा आत जात नाही.

पाण्याविषयीही बोलले पाहिजे. आपल्याकडे बोअरचे किंवा टँकरचे पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओततात. "आपल्याकडे बर्फ कुठं पडतो, कूलंट कशाला?" असे म्हणतात. कूलंट केवळ बर्फासाठी नसते. ते गंज धरू देत नाही आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार, घरातील पातेल्याला बसतात तसेच, रेडिएटरच्या नळ्यांना आतून बसतात. अडचणीत साधे पाणी घालून घर गाठावे लागले तर ठीक. नंतर ते काढून योग्य कूलंट भरावे.

आता एक कटू गोष्ट. गेल्या पावसाळ्यात आमच्याच भागातील एका शाळेच्या व्हॅनमधून धूर निघाला. पंख्याचा फ्यूज वारंवार उडत होता, म्हणून कोणीतरी त्या जागी तांब्याची तार गुंडाळली होती. फ्यूज उडत होता तो मोटर जाम झाल्यामुळे. तार मात्र उडाली नाही, ती वीज ओढत राहिली आणि वायरींचे आवरण वितळले. चालकाने प्रसंगावधान राखून मुलांना खाली उतरवले, कोणाला इजा झाली नाही. पण त्या पाच मिनिटांत दहा-बारा घरांची लेकरे त्या गाडीत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. फ्यूज हा घरातल्या राखणदारासारखा असतो. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधायचे नसते. फ्यूज त्याच अँपिअरचा बसवावा. तोही उडाला तर गाडी उभी करून कारण शोधावे.

रस्त्यात काटा चढू लागला तर ए.सी. ताबडतोब बंद करावा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात लावावा. बसणाऱ्यांना घाम फुटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची उष्णता बाहेर काढतो. मग डावीकडे सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि इंजिन बंद करावे. निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नये. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नये, धातू तडकू शकतो. आणि 'एवढं भाडं सोडून येतो' म्हणून लाल रेषेवर काटा असताना गाडी ओढू नये. आजच्या बहुतेक गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे असते, ते जास्त तापले की वाकते. मग काही शे रुपयांच्या रिलेचे दुखणे खरोखरच हेड उतरवण्यापर्यंत जाते.

हे सर्व वाचून सगळे गॅरेजवाले फसवतात असा समज कोणी करून घेऊ नये. आपलीच कितीतरी मुले गॅरेजांत हात काळे करून प्रामाणिकपणे पोट भरतात. घाईत, गाड्यांची रांग लागलेली असताना, एखादा अंदाजाने सांगून मोकळा होतो. आपण नेमके लक्षण सांगितले तर त्याचेही काम सोपे होते. 'गाडी गरम होते' एवढेच न सांगता 'उभी राहिल्यावर गरम होते, चालल्यावर निवते, ए.सी.ही उभ्या गाडीत गार करत नाही' असे सांगावे. मोठा खर्च सांगितला तर नम्रपणे विचारावे : हे कशावरून ठरवले, मला दाखवाल का? खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा आणि बदललेला जुना पार्ट परत मागावा. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही.

त्या रविवारी टेस्ट लॅम्प धरायला दहावीतील एक मुलगी पुढे आली होती. अर्थिंग म्हणजे काय, हे तिने जमलेल्या मोठ्या माणसांना नीट समजावून सांगितले. आय.टी.आय.मध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि तो मुलींनाही खुला आहे. दहावीनंतर काय, हा प्रश्न ज्या घरांत आहे त्यांनी याचा जरूर विचार करावा.

गाडीत एक छोटा डबा ठेवावा. त्यात योग्य अँपिअरचे दोन-तीन फ्यूज, एक जादा रिले, टेस्ट लॅम्प, सुती फडके आणि टॉर्च असावा. शेजारी पाण्याची भरलेली बाटली असावी. कर्जाच्या हप्त्याची तारीख आपण कधी विसरत नाही. त्याच दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून कूलंटची पातळी पाहावी, मग गाडी चालू करून ए.सी. लावावा आणि पंखा फिरतो की नाही ते पाहावे. पाच मिनिटे लागतात. घरातील ज्या कोणाला जमेल त्याने हे करावे आणि कॅलेंडरवर त्या तारखेपुढे खूण करून ठेवावी.